गावात नसल्याची सही

दिवाळी झाली की आष्टीकडच्या आमच्या गावातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात. पोरंही सोबत जायची आणि शाळा तिथंच तुटायची. ती मागं राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह निघालं, तेव्हा गावची मास्तरीण म्हणून मी हरखून गेले. आता सगळं बदलणार!

माझ्या सहावीतल्या एका पोरीचे आईबाप कारखान्यावर गेले आणि ती चुलतीकडं राहिली. चुलती म्हणाली, "बाई, आठवडाभर सांभाळते. मग मला बी निघायचंय." तोवर वसतिगृहात जागा झाली नाही, तर पोरगी फडात जाणार होती. जागेसाठी आईबाप गावात नसल्याचा दाखला हवा होता. मी ग्रामपंचायत गाठली.

"पालकांची सही लागती, समक्ष," ग्रामसेवक म्हणाले.

"अहो, ते गावात नाहीत. म्हणून तर दाखला!"

"मला कळतंय की. पण तसं छापलंच हाय, बाई."

खरंच तसं छापलं होतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि वाटलं, चूक बहुतेक आपल्याच डोक्यात आहे. माणूस वाईट नव्हता, त्यांनी चहासुद्धा मागवला. भांडायचं कुणाशी?

मी फोन केला. मुकादमाच्या हातापाया पडून आईबाप मिळेल त्या ट्रकनं आले. ग्रामसेवकांनी त्यांना नीट पाहिलं.

"तुमी तर हितंच हाव. आता गावात न्हाईत असं कसं लिहू?"

ते थट्टा करत नव्हते. माझ्याइतकेच गोंधळले होते बिचारे. शेवटी म्हणाले, "सही करून जा. तुमी गेल्यावर चौकशी करतो, मग दाखला."

संध्याकाळी दोघं परत निघाले. पोरगी आईचा पदर सोडेना. बापानं मला विचारलं, "बाई, जागेचं पक्कं हाय का?" मला हो म्हणवेना. पोरगी त्यांच्याबरोबर गेली, दप्तर चुलतीकडंच राहिलं.

नंतर दाखला मिळाला, जागाही मंजूर झाली. काल तालुक्याहून पत्र आलं: मंजूर विद्यार्थिनी गैरहजर का, याचा खुलासा करावा. सोबत पालकांची सही जोडावी, समक्ष घेतलेली.

आधी माझा संताप झाला. मग वाटलं, बोलवावंच त्यांना. त्या निमित्तानं पोरगी तरी दिसेल.