पेज लावलेला कागद

भाताची पेज गाळायला घेतली की त्या गोडसर वाफेसरशी मला आमच्या गोंदियाच्या घरातली ती दुपार आठवते.

कागदावर हातानं प्लॅटिनमचं द्रावण फासून मी सारस पक्ष्यांची छायाचित्रं छापायचो. पण कागद रसायनात बुडवला की सारसाच्या पंखांतलं काळं सुटायचं आणि मागचं पांढरं आभाळ मळवून टाकायचं. दोन वर्षं मी कागद बदलले, द्रावण बदललं. शेवटी माझी बायको सुनंदा म्हणाली, "कागदाले साडीवानी पेज लावून पाहा ना." लावली, आणि काळं जागच्या जागी थांबलं.

त्या दुपारी मुंबईचे एक जाणकार घरी आले होते. चित्र उजेडात धरून त्यांनी विचारलं, "हे पसरणं थांबवलं कसं?" सुनंदा चहा घेऊन दारातच उभी होती.

"बरीच वर्षं प्रयोग केले," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की मलाच ते खरं वाटलं.

पाहुणे गेल्यावर कप विसळता विसळता ती म्हणाली, "लय वर्षं लागले का तुमाले? मले तं भात शिजेपर्यंत समजलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ती पेज मोरीत ओतू लागली. आता कागदासाठी मी वेगळा भात शिजवतो. ती 'काऊन' म्हणूनही विचारत नाही.