पहिला तुकडा मुकादमाचा

समोर ताट आलं की भाऊ दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, जणू पोलिसांनी बेड्याच घातल्यात. मग ताटाकडे ढुंकूनही न बघता वाढणाऱ्याला विचारायचे, "मेहनत कोणाची?"

उत्तर मिळेपर्यंत घास नाही. नुसतं "बायकोने केलं" म्हणून सुटका व्हायची नाही. कांदा कोणी चिरला, भांडी कोण घासणार, इथपर्यंत उलटतपासणी. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ती इतकी लांबली की आमटीवर साय धरली. आमटीवर साय धरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या बहुमजली ब्लॉकमध्ये तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत, काय काय घडत होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. शेवटी लसूण मी सोलल्याचं कबूल केलं.

"मग पहिला घास तुमचा, पुणेकर," भाऊ म्हणाले, आणि मी खाईपर्यंत हात पाठीमागेच.

भाऊ नागपूरचे, आमच्या वरच्या, अकराव्या मजल्यावर राहायचे. धंद्याने इंजिनियर, पण कशाचे? वजनकाट्यांचे! कारखान्याकारखान्यांतून हिंडून तिथले काटे खरं बोलतात की नाही ते तपासायचं, हे काम. बगलेत लाकडी पेटी, पेटीत मखमल, मखमलीत चकचकीत मापं. नवरीचे दागिने इतक्या निगुतीने कोणी ठेवत नाही. काटा दिसला की यांचे हात शिवशिवायचे. खालच्या बाजारातल्या पपईवाल्या म्हातारीचा काटा त्यांनी न सांगता तपासला. तो तिच्याच तोट्याचा निघाला. दुरुस्त करून दिला, तर म्हातारी पपई घेऊन मागे लागली. भाऊ पळताहेत, मागे ऐंशी वर्षांची म्हातारी, आणि भाऊ ओरडताहेत, "मेहनत झाडाची!" म्हातारीला मराठी येत नव्हतं, नाहीतर झाडाला नेऊन दिली असती तिने.

असा हा माणूस, आणि त्याचा कुत्रा मुकादम.

मुकादम हे नाव वहिनींनी ठेवलेलं. दुसऱ्याला राबताना बघत बसणं हा त्याचा एकमेव उद्योग. आखूड पाय, लांबलचक अंग, जात कोणती ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. वहिनींच्या हातची पुरणपोळी खाऊन असा फुगला होता की चालताना पोट फरशीला लागायचं. त्यांच्या घरात फरशी पुसावी लागत नसे. आमची लेक तेव्हा आठ वर्षांची. ती इथल्या धेडगुजरी इंग्रजीत तोंडावर सांगायची, "अंकल, ही सो फॅट ऑलरेडी ला!"

आणि एक दिवस घरं देणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. आमच्या फ्लॅटांमध्ये लहान कुत्राच ठेवता येतो. मुकादम परवानगीच्या जातींच्या यादीत कुठेच बसेना, म्हणून त्याचं वजन दहा किलोच्या आत हवं. दोन महिन्यांनी अधिकारी बघायला येणार. जास्त भरला तर त्याला दुसरं घर शोधायचं. भाऊंनी मुकादमाला काट्यावर ठेवलं. बारा किलो.

कोणीही त्याचं खाणं कमी केलं असतं. भाऊ लायब्ररीत गेले. परत आले ते एका जुन्या चित्राची फोटोकॉपी नाचवतच.

"पुणेकर, बघा! पूर्वी विलायतेत स्वयंपाकघरात कुत्रे नोकरीला असायचे."

चित्रात भिंतीवर उंच एक लाकडी चाक, आणि चाकाच्या आत कुत्रा. तो पळणार, चाक फिरणार, चाकाच्या दोरीने खाली विस्तवावरची सळई फिरणार आणि सळईवरचं मांस सगळीकडून सारखं भाजणार. तासन्‌तास. अंग लांब, पाय आखूड. हुबेहूब आमचा मुकादम.

"मग काय झालं त्यांचं?" मी विचारलं.

"सळई फिरवणारी यंत्रं आली. कुत्र्यांचं काम गेलं, आणि मग ती जातच संपली जी." भाऊंनी चित्रातल्या कुत्र्यावर बोट ठेवलं. "दिवसभर मांस भाजायचं, आणि वाट्याला काय? वास! मेहनत कोणाची, हे त्या घरात एकानेही विचारलं नसेल."

पंधरवड्यात त्यांनी चाक उभं केलं. सायकलच्या दोन रिंगा, मध्ये कोणीतरी टाकून दिलेल्या पलंगाच्या पट्ट्या, सायकलचीच चेन, खाली विजेची शेगडी आणि तिच्यावर सळई. सळईवर भरिताचं वांगं. वहिनी म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात मी उभी कुठे राहू?" भाऊ म्हणाले, "चाकात."

पहिले तीन दिवस मुकादम चाकात नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी सळईवर कोंबडी लागली, आणि तो असा सुटला म्हणता! चाक इतक्या वेगाने फिरलं की आमच्या घरातले दिवे मोठे झाले. कोंबडी अशी भाजली की आजवर इथल्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊगल्लीत, मी तशी खाल्लेली नाही. सगळा ब्लॉक वासाने दारात येऊन उभा.

भाऊंनी हात पाठीमागे घेतले. "मेहनत कोणाची?"

आम्ही सगळ्यांनी चाकाकडे बोट दाखवलं. पहिला तुकडा मुकादमाला. तुकडा कसला, अख्खी तंगडी.

हे असं रोज. तीन आठवड्यांनी मुकादम काट्यावर चढला. तेरा किलो!

"अहो, पळवता कशाला आणि चारता कशाला?" वहिनींचा आवाज आमच्या मजल्यापर्यंत आला. "हा गेला ना या घरातून, तर बघा!"

भाऊ गोंधळून जमिनीवर बसले होते. राबवलं तर पहिला तुकडा द्यायलाच हवा. तुकडा द्यायचा नसेल तर राबवता येणार नाही. काटा दुरुस्त करणं सोपं होतं, हे अवघड. संध्याकाळी त्यांनी चेन काढून ठेवली. "नोकरी सुटली त्याची," मला म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दोघं जिन्याने. अकरा मजले खाली, अकरा मजले वर, सकाळ-संध्याकाळ. मुकादमाची पोळी बंद म्हणून भाऊंचीही बंद. त्याच्यासमोर आपण काय तोंडाने खायचं, म्हणायचे. मुकादमापेक्षा तेच झपाट्याने उतरले. शेवटी शेवटी जिन्यात मुकादम पुढे, आणि पट्ट्याला धरून मागे भाऊ ओढले जाताहेत असं दिसायचं.

अधिकारी आला त्या सकाळी लिफ्ट बंद होती. त्यात माझा हात नव्हता, हे शपथेवर सांगतो. बिचारा धापा टाकत वर पोहोचला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "आयो, वजनकाटा गाडीतच राहिला."

"माझा आहे ना!" मी म्हणालो.

आता खरं सांगतो. माझा बाथरूममधला काटा थोडा दयाळू होता. मला तो नेहमी कमी दाखवायचा, म्हणूनच मी तो भाऊंच्या नजरेला कधी पडू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र धावत जाऊन घेऊन आलो. मुकादम वर चढला आणि शहाण्यासारखा बसला. नऊ किलो नऊशे.

अधिकारी हसला, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. आणि मी पाहिलं, भाऊ मुकादमाकडे बघत नव्हते. काट्याकडे बघत होते.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "राहू द्या ना."

भाऊ आत गेले, पेटी घेऊन आले. मखमलीतलं पाच किलोचं माप काढून काट्यावर ठेवलं. चार किलो आठशे.

"पुणेकर," ते इतकंच म्हणाले, "तुमचा काटा खोटं बोलतो."

म्हणजे मुकादम दहा किलो तीनशेच्या आसपास. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण पुन्हा लावलं. "अंकल, व्हाय यू गो अँड चेक?" भाऊंनी माप पुसून मखमलीत ठेवलं. अधिकाऱ्याने पेन खिशात घातलं, गाडीतला काटा आणायला पुन्हा अकरा मजले उतरला, आणि तो काटाही तेच बोलला. कुत्र्यासाठी घर शोधायला महिन्याची मुदत देऊन तो गेला. जाताना मुकादमाच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

मी भाऊंना वाट्टेल ते बोललो. माझा काटा मी खोटा ठेवला होता तो माझ्या ढेरीसाठी, पण एकदा तरी तो कोणाच्या कामी आला असता!

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पावणेतीन किलो उतरवले त्याने. खरे. एकेक पायरी चढून. त्याची मेहनत मी खोट्या काट्यावर मांडू?"

मी माझा काटा उचलून घरी नेला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला बंगल्यात राहणारे एक ओळखीचे त्याला घ्यायला तयार होते. भाऊ त्यांच्याकडे जाऊन आले, पण मुकादमाचा पट्टा काही त्यांच्या हातून सुटेना. चार दिवसांनी वहिनीच म्हणाल्या, "चला नागपूरला. तिथे अंगण आहे. काटे काय, तिथेही खोटंच बोलतात." महिना संपायच्या आत ते दोघं आणि मुकादम गेले. चाक मात्र विमानात घेईनात. ते माझ्याकडे आलं.

एकदा नागपूरहून फोटो आला होता. अंगणात शेगडी, सळई भाऊ स्वतः फिरवताहेत, आणि बाजेवर ऐसपैस पसरलेला मुकादम देखरेख करतोय. आपल्या मूळ पदावर रुजू झाला होता. पुढे मुकादम गेल्याचं कळलं. आणि गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला, तो भाऊ गेल्याचा.

त्या रविवारी मी ब्लॉकखालच्या बार्बेक्यू पिटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चुलीवर, वांगी आणि कोंबडी लावली. चाकाला हल्ली छोटी मोटर बसवलीय, फिरत राहतं आपोआप. लेक आता नोकरी करते, मराठी जवळजवळ विसरलीय. मी तिला पहिला तुकडा वाढला. तिने हात पाठीमागे घेतले.

"मेहनत कोणाची?" स्वच्छ, नागपुरी हेल काढून विचारलं तिने.

मला काहीतरी ठोकून देता आलं असतं. आयुष्यभर तेच केलंय. मी मोटरची वायर काढली, सळईची मूठ हातात घेतली आणि उरलेली कोंबडी होईपर्यंत फिरवत बसलो. पहिला तुकडा एका कागदी बशीत बाजूला, खाली गवतावर, तसाच ठेवला होता.