भट्टीतला दिवा

अनसूयामावशीच्या दारात गेलं की ती 'या, बसा' म्हणत नसे. आधी पदराचं टोक तुमच्या कपाळावरून फिरवायची आणि काळं झालेलं ते टोक तुमच्या नाकासमोर धरायची. "बघा. ह्येच छातीत बी जातंय." खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा माझंही असंच स्वागत झालं, तेही नव्या नवरीसमोर. त्या दिवशी ही बाई माझ्या मनातून उतरली.

मावशी चिंचवड गावठाणातल्या जुन्या घरची. घरामागेच एका कंपनीची फाउंड्री उभी राहिली होती. लोखंड वितळवायची भट्टी पेटली की आमच्या खोल्यांवर काजळी उतरायची. मावशीचा मुलगा बबन त्याच भट्टीवर कामाला, मीही त्याच कंपनीत मशीन शॉपला. बबनची मुलगी छबी जेमतेम पाच वर्षांची. धूर कोंदला की तिला धाप लागायची. मावशी तिला पोटाशी धरून बसायची, आणि मग जो तोंडाचा पट्टा सुटायचा त्यातून कंपनी, सरकार, बबन आणि येता-जाता मी, कुणीच वाचत नसे.

धूर पाण्याने धुऊन काढायचं यंत्र कंपनीने आणलंही होतं. पावसाळ्याआधीपासून ते आवारात ताडपत्रीखाली पडून होतं. बसवायचं तर आठवडाभर भट्टी बंद ठेवावी लागणार, आणि ते मॅनेजरला परवडत नव्हतं. खरं तर आम्हालाही नकोच होतं. भट्टी बंद म्हणजे ओव्हरटाइम बंद, आणि दिवाळी तोंडावर आलेली. बबनच आईला म्हणाला, "आये, दिवाळी झाल्यावर बसवत्याल. जरा दम धर की."

"मी धरते. पोरीनं श्वास काय हप्त्याहप्त्यानं घ्यावा व्हय रं?"

मी मधे पडलो. म्हटलं, मावशी, कंपनी आहे म्हणून तुमच्या खोल्यांना भाडेकरू आहेत. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. "ह्येला कुनी इचारलं?" एवढंच भिंतीकडे बघून म्हणाली.

खंडेनवमीला घरच्या माणसांना कंपनीत न्यायची मुभा असे. भट्टी थंड, तिला झेंडूचा हार, पुढ्यात आमची हत्यारं मांडलेली. मॅनेजरसाहेब सपत्नीक आले होते. आरती झाली, पेढे वाटले गेले, आणि नऊ दिवसांची उपाशी मावशी पुढे झाली. पदराआड घटापुढच्या नंदादीपावरून लावून आणलेला दिवा होता. तो तिने भट्टीच्या दारातून आत ठेवला.

"देवीचा दिवा हाय. ज्येला इझवायचा त्येनं इझवावा, आन् मग खुशाल भट्टी पेटवावी. यंत्र बसल्याबिगर मी काय त्यो उचलनार न्हाई."

बबनचं तोंड एवढंसं झालं. साहेब तावातावाने दिव्याकडे निघाले, तर त्यांच्या पत्नीनेच हात जोडले, "अहो, नाही हं!" मग साहेबांनी भट्टीवरच्या गायकवाडला हाक मारली. गायकवाड बौद्ध. "तुम्ही तर देव मानत नाही ना? मग विझवा."

गायकवाड जागचा हलला नाही. "देव मानत न्हाई साहेब. पण धूर मानतो. माझी पोरं बी हितंच ऱ्हात्यात."

दसरा उलटला तरी दिवा तेवतच होता. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ तेल घालायला गेटवर हजर. वॉचमन तिला अडवेना, कारण अडवलं आणि दिवा गेला तर पाप त्याच्या माथी. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, भट्टी बंदच आहे तर यंत्र घ्या एकदाचं बसवून. ते बसलं, पाणी सुरू झालं, आणि मावशीने दिवा उचलला.

काजळी खरंच कमी झाली. पण ओव्हरटाइम बुडाला होता, आणि ते कुणी विसरलं नाही. आजूबाजूच्या बायकांनी मावशीशी बोलणं टाकलं. माझ्या बायकोनेही टाकलं, आणि मी तिला अडवलं नाही. भट्टीवर बबनची रोज टिंगल व्हायची. ऐन दिवाळीच्या पाडव्याला तो आईशी कडाकडा भांडला, नोकरीवर लाथ मारली आणि बायको-पोरीला घेऊन राजगुरुनगरला सासुरवाडीला निघून गेला.

मावशी उंबऱ्यावर एकटीच बसली होती. मी मुद्दाम थांबलो. "काय मिळवलंत मावशी? पोरगीच गेली ना?"

"तुमाला मिळालं न्हवं? घ्या की छाती भरून. फुकाट हाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

बबन परत आला तो दोन वर्षांनी, तिला खांदा द्यायला. तोवर दोघांनीही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आत बायका रडत होत्या, मागे भट्टी चालू होती, आणि मोठी झालेली छबी शेजारच्या पोरांबरोबर अंगणात पळत होती. पळता पळता मोठ्याने हसत होती आणि तिला धाप लागत नव्हती. हे बघायला थांबली नाही म्हणून मला त्या बाईचा असा संताप आला की माझे डोळे भरून आले.