चंडोलासाठी सोडलेलं गवत

माझी सासू पाहुण्यांना सांगते, "आमचे जावई जंगल खात्यात आहेत." मी जंगल खात्यात नाही, पण खरं काय ते सांगायला गेलं तर पाहुण्यांचा चहा निवतो, म्हणून मीही मान डोलावतो. मी आणि माझा एक मित्र गावांना सल्ला देतो: तुमच्या माळावर मुळात कोणती झाडं होती, ती परत कशी आणायची, गवत कसं राखायचं. स्वतः एकही खड्डा न खणता दुसऱ्यांच्या खड्ड्यांवर तासभर बोलता येतं असा हा धंदा आहे. बोलण्यात मी कधी कमी पडलो नाही. त्या दिवशी तेच नडलं.

काष्टीहून आत गेलं की एक टेकडी लागते. गावचं गायरान. बचत गटाच्या बायकांनी ग्रामसभेत भांडून ती तीन वर्षं चराईला बंद करून घेतली होती आणि आमच्या सल्ल्यानं तिथं आपटा, खैर, हिवर, बहावा लावला होता. गटाच्या म्होरक्या म्हणजे अक्का. मुदत आता पावसाळ्याआधी संपणार होती. तेव्हाच्या ग्रामसभेत झाडं उभी दिसली तर टेकडी बंद राहणार, नाहीतर शेळ्यांना खुली होणार, असा सरळ हिशेब होता. खुली करा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते अक्कांचेच धाकटे दीर. मला ते 'झाडांचे डॉक्टर' म्हणायचे. त्यात कौतुक नव्हतं.

अशा जागी उन्हाळ्याआधी जाळपट्टा काढतात. कडेकडेनं गवत साफ करून जमीन उघडी ठेवायची, म्हणजे बाहेरून आग आली तरी तिथं येऊन थांबते. बायकांनी तो सुरेख काढत आणला होता आणि टेकडीच्या पायथ्याशी मला एका गवताच्या बुडख्यात चंडोलाचं घरटं दिसलं. आत अंडी. दुसरा कुणी असता तर हळहळला असता आणि विळा चालवला असता. मी हात आडवा केला. खळ्याएवढा तुकडा तसाच सोडायला लावला आणि म्हणालो, "पिल्लं उडाली की मी स्वतः येऊन कापतो." बायका एकमेकींकडे बघून हसल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "सर, इसरू नका म्हंजे झालं."

विसरलो नाही, हे नोंदवून ठेवतो. पिल्लं उडाल्याचं कळलं आणि काष्टीच्या बाजारात कोरा विळा विकत घेऊन मी सकाळीच अक्कांच्या दारात हजर झालो. अक्कांनी चहा टाकला. मग मी ओट्यावर बसून चंडोल गात गात आभाळात कसा चढतो, ते सांगायला लागलो.

"सर, ऊन वाढायच्या आत तेवढं गवत कापून घ्या," अक्का म्हणाल्या.

"घेतो हो. तर तो वर जातो आणि मग…"

"वारं सुटलंय," त्या म्हणाल्या आणि एकदम उठून उभ्या राहिल्या. टेकडीच्या खालच्या अंगाला, उसाच्या रानातून धूर वर येत होता. ऊस तुटून गेल्यावर राहिलेलं पाचट कुणीतरी पेटवलं होतं, आणि धूर सरळ न चढता टेकडीकडे झुकला होता.

आम्ही पळालो. अक्का पळता पळता फोन लावत होत्या. मी विळा हातात घेऊन पळत होतो, म्हणजे दिसायला मीच कुणाचा तरी खून करायला निघालो होतो. पोचलो तेव्हा आग जाळपट्ट्याला येऊन भिडली होती आणि खरोखरच तिथं मरत होती. मला क्षणभर अभिमानही वाटला. मग ती कडेकडेनं सरकत त्या सोडलेल्या तुकड्यापाशी आली, गवतात शिरली आणि पट्टा ओलांडून आत गेली. मी दार उघडं ठेवलं होतं आणि ती दारातून आली.

चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. गावातून लोक निरगुडीचे डहाळे घेऊन आले, पण ज्वाळा कमरेच्या वर होत्या. झोडपायला जवळ जाताच येईना. अक्कांचे दीरही आले होते, घामानं भिजलेले, तोंड काळं झालेलं.

"बोला डॉक्टर," ते म्हणाले. "पेशंट चाललाय."

एक उपाय मला ठाऊक होता. टेकडीच्या मधून आडवी पायवाट जाते. त्या वाटेच्या खालच्या कडेला आपणच आग लावायची. ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू खाली सरकते, मधलं गवत खाऊन टाकते, आणि मोठी आग वर पोचते तेव्हा तिला जाळायला काही उरत नाही. हे मी प्रशिक्षणात पाहिलं होतं, एका गार सकाळी, वारा नसताना, नाश्त्याच्या आधी. वाटेच्या वरची झाडं वाचली असती. खालची आम्हीच जाळणार होतो. ती नंतर लावलेली, लहान, आणि त्यांना बायकांनी दोन उन्हाळे डोक्यावरून हंडे नेऊन पाणी घातलेलं.

मी अक्कांना ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोन वाक्यांत सांगितलं.

"आपनच लावायची?" त्या म्हणाल्या.

"हो."

"वरची वाचतील?"

"वाचतील असं वाटतं."

"वाटतं," दीर म्हणाले. "वहिनी, ह्यो मानूस गवत कापायला आला तर गप्पा हानीत बसतो, आनि तुमी ह्याच्या हाती काडी देताय."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या खालच्या झाडांकडे बघत होत्या. बायका वाटेवर ओळीनं उभ्या होत्या आणि गवत तडतडत जवळ येत होतं. मग अक्कांनी दिरांपुढे हात केला. "भाऊजी, पेटी द्या."

दिरांनी बिडीची काडेपेटी काढली आणि थेट माझ्याच हातावर आपटली. वारा नीट जोखावा म्हणून मी मूठभर माती वर सोडली, ती सगळी माझ्याच डोळ्यांत गेली. पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरी आडोसा करताना माझ्याच तळव्यानं विझली. अक्कांनी पेटी काढून घेतली, खाली बसल्या, पदराचा आडोसा केला आणि गवत पेटवलं. मग पुढे सरकून पुन्हा. पुन्हा. प्रत्येक रोपाशेजारून जाताना त्यांचा हात थोडा थांबायचा.

आम्ही सगळे वाटेवर माथ्याकडे पाठ करून उभे. ठिणगी उडून मागे पडली की झोडपायची. आमची आग इतकी रेंगाळत खाली चालली होती की मला वाटलं, संपलं, मोठी आधी पोचणार. मग अचानक तिनं मान फिरवली, मोठीनं तिला ओढून घेतलं. दोन्ही एकमेकींवर उठल्या, खूप उंच, आणि बसल्या. राहिला तो नुसता धूर.

वाटेच्या वर सगळं हिरवंपिवळं उभं होतं. खाली काळं.

कुणीतरी विचारलं, "पाचट कुनी पेटीवलं?" सगळ्यांना ठाऊक होतं. खालचं रान दिरांचं.

"म्या," ते म्हणाले. "गडी हुता ध्यान ठेवायला. वारं फिरलं." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पन ह्यांनी पट्टा पुरा केला असता तर वर आली नसती." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

अक्का राखेत बसून एका आपट्याच्या बुडाशी माती उकरत होत्या. "एकानं लावली, एकानं आत घेतली," त्या म्हणाल्या. "आता पानी दोघं घाला. आमच्या बाया थकल्या."

ग्रामसभेच्या दिवशी वरची झाडं मोजायला सगळे वाटेपर्यंत चढून आले. टेकडी खुली करा, असं म्हणायला त्या वेळी दीर उठले नाहीत. बाकीच्यांचा आवाज त्यांच्याशिवाय फारसा चढला नाही. टेकडी बंद राहिली. गवत मात्र बी पडल्यावर विळ्यानं कापून ज्यानं त्यानं घरी न्यायचं ठरलं, म्हणजे शेळ्यांना चारा होतो आणि आगीला काही उरत नाही; ते मला आधीच सुचायला हवं होतं.

आता रविवारी मी नगरहून जातो. दीर पुढे कॅन घेऊन, मी मागे कॅन घेऊन. मी प्रत्येक खोडाची साल नखानं जराशी खरवडून बघतो, आत ओल आहे का ते. काहींत असते. बऱ्याच ठिकाणी नसते.

"खाजवून मारशीला," परवा ते म्हणाले.

त्याच दुपारी त्यांच्याच चुलतभावाची एक शेळी कुठून तरी आत शिरली आणि एका काळ्या बुंध्याला तोंड लावायला गेली. दीर कॅन टाकून तिच्या मालकाच्या सात पिढ्या काढत वाटेपर्यंत पळाले. पाणी सगळं सांडलं. मी माझ्या कॅनमधलं अर्धं त्या बुंध्याला घातलं आणि पुन्हा भरून आणायला खाली उतरलो.