उन्हातला दिवा

विमलताई गेल्याचा निरोप ऑफिसात आला तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट आहे. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो हा की, आता घरात दिवा कोण लावणार... महिना होऊन गेला, तरी त्या विचाराचं मला अजून नवल वाटतं.

विमलताई माझ्या मोठ्या जाऊबाई. अंबरनाथच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र राहायचो. मी नोकरीला, त्या घरी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे आणून सुटे धागे कापायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हणून असेल, माझ्या लेकीवर, मनीवर त्यांचं बारीक लक्ष असे. आम्हा दोघींचं फार गूळपीठ नव्हतं, भांडणही नव्हतं.

आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा नियम होता: तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की पोरांनी श्लोक म्हणून अभ्यासाला बसायचं. त्याआधी घरात कुणी पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. मनीची शाळा सकाळची. दिवेलागणीला ती वहीवर डोकं टेकून झोपून जायची. आधी समजूत, मग ओरडा, मग धपाटे... सगळं करून झालं. ती चौथीत असताना बाईंनी बोलावून सांगितलं, गृहपाठ असाच राहिला तर पोरगी मागे पडेल. आमच्या ह्यांनी ठरवूनच टाकलं, दिवाळीनंतर तिला साताऱ्याला आत्याकडे ठेवायचं. माळ्यावरची ट्रंकसुद्धा खाली आली. मला ते अजिबात नको होतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते, म्हणून दिवाळीआधीच्या एका शुक्रवारी मी घरी होते. मनी दुपारची झोप काढून टवटवीत उठली. विमलताईंनी तिला हातपाय धुवायला लावले, चहा-बिस्किट दिलं आणि चार वाजता, भर उन्हात देवापुढे दिवा लावला.

आप्पा कॉटवर उठून बसले. "अगं सूनबाई, ऊन आहे बाहेर! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुमचा संध्याकाळी लावीन की, आप्पा. हा मनीचा. तिला सातला झोप येते, त्याला देव तरी काय करणार?"

मनीने श्लोक म्हटले. उन्हात ज्योत दिसेना, म्हणून बोट जवळ नेऊन चटका बसतो का ते पाहिलं आणि मुकाट्याने वही उघडली. शेजारी विमलताई धागे कापत बसल्या. गणितं संपली तरी बाहेर ऊन होतं. मग रोज तेच सुरू झालं. आप्पा बरेच दिवस विमलताईंशी बोलले नाहीत. दिवाळी झाली आणि ट्रंक परत माळ्यावर गेली. तेव्हा मला रडू आलं होतं. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मनी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विमलताई गेल्या आणि परीक्षा तोंडावर आली. पोरगी पुस्तकाला हात लावेना. "यंदा नाही बसत मी," म्हणाली. सुतकात देवापुढचा दिवा बंद होता. विमलताई गेल्या त्या जागी पिठावर ठेवलेली पणती तेवढी रात्रंदिवस जळत होती. एका दुपारी आप्पांनी कॉटवरून हाक मारली. त्यांना आता धड दिसतही नाही.

"मने, चार वाजले. दिवा लागलाय. बस."

मनी उठली, पुस्तक घेऊन पणतीसमोर बसली. खिडकीतलं ऊन थेट तिथवर आलं होतं. तिने बोट ज्योतीजवळ नेलं, झटकन मागे घेतलं, आणि पुस्तक उघडलं.