परत येणाऱ्या बाणाचे मास्तर

केशवराव निखाडे मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला भर उन्हात उभे केले तेव्हा. वर्धेकडून बदली होऊन मी गडचिरोलीच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो होतो. पेटी अजून बैलगाडीतच होती. मैदानात धोतर वर खोचलेले एक गृहस्थ शाळेच्या कौलांकडे टक लावून पाहत होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान खाली न करताच माझ्या हातात एका दोरीचे टोक दिले आणि ओढायला सांगितले. मी ओढली. वरून एक कापडी छत्री सुटली आणि तिला बांधलेला धोंडा माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन आदळला. तो अलगद उतरायला हवा होता, असे मास्तरांनी मला फार वाईट वाटून सांगितले.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असा समितीचा आग्रह पडला. विज्ञानातले मला ओ की ठो कळत नाही, ही अडचण मी सांगून पाहिली. ती कोणी मनावर घेतली नाही.

मास्तर विज्ञान शिकवीत, पण त्यांच्या मनात वर्षानुवर्षे एकच गोष्ट घोळत असे. माणसांना दुसऱ्या ग्रहांवर नेणारा प्रचंड अग्निबाण, आणि तोही एकदा उडून जळून जाणारा नव्हे. माणसे पोचवून परत येणारा, पुन्हा इंधन भरून पुन्हा निघणारा. चांद्याच्या किल्ल्याच्या वेशीहून कितीतरी उंच असलेला हा बाण ते फळ्यावर काढायला घेत. फळा संपे, पण बाण पुरा होत नसे. आठवडी बाजाराला गेलेली बैलगाडी दर खेपेला तिथेच मोडून टाकावी लागली असती, तर बाजाराला गेले असते कोण, असे ते मुलांना विचारीत. मुले हसत, पण मुद्दा त्यांच्या डोक्यात पक्का बसे.

मोठा बाण हातातला नव्हता, म्हणून त्यांनी तो लहान करून पाहायला घेतला. जुन्या पंपाचा लोखंडी नळा, त्याच्या तोंडाला जाळ बाहेर सोडणारे भाजक्या मातीचे बोळके, बाहेरून बांबूचा सांगाडा आणि वरच्या टोपीत घडी घातलेली छत्री. नळा परत आला की नवे बोळके बसवायचे, दारू भरायची आणि पुन्हा सोडायचा, असा बेत. रानात ठिणगी पडण्याची त्यांना फार धास्ती. म्हणून उडवायचे ते फक्त उन्हाळ्यात, कठाणी नदीच्या कोरड्या वाळूत. पहिले बरेच बाण गेले ते गेलेच. एक तर आडवाच पळाला आणि मुख्याध्यापकांच्या म्हशी संध्याकाळपर्यंत कुणाला सापडल्या नाहीत.

मास्तरांच्या मायेबद्दल लिहायचे तर माझ्या हिवतापाबद्दल लिहावे लागेल. घरची माणसे दूर, मी खोलीत एकटा. रोज सकाळी मास्तर स्वतः तांदळाची पेज घेऊन येत, मला भिंतीला टेकवून बसवीत आणि वाटी रिकामी होईपर्यंत जागचे हलत नसत. मधल्या काळात माझा मराठीचा तासही त्यांनीच चालवला. मी बरा होऊन वर्गात गेलो, तर ‘माझा आवडता सण’ या निबंधात निम्म्या मुलांनी मंगळावर दिवाळी केली होती. मी चिडलो, पण जपूनच. या माणसाने मला जगवले असे मी म्हणतो तेव्हा त्यात अलंकार नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी त्यांच्यापुढे कायमचा वाकलो, तो सांगतो.

म्हशींच्या प्रकरणानंतर तक्रार वरपर्यंत गेली आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी एक अट घातली. बाण वर जातो हे दिवाळीत कुणीही दाखवते. तुमचा बाण खाली येऊन, तोच, माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उडाला, तर हे काम चालू राहील. नाहीतर आजपासून बंद. एवढ्या वर्षांची खटपट एका सकाळवर येऊन ठेपली.

त्या सकाळी बाण सरळ वर गेला. टोपी सुटली, छत्री उघडली, आणि पहिल्यांदाच नळा एखाद्या पाहुण्यासारखा निवांत खाली येऊ लागला. साहेबही टोपी काढून पाहत होते. मग वारा फिरला. छत्री नदी ओलांडून पलीकडच्या गोंड वस्तीमागच्या झाडीत उतरली. मी आणि मास्तर वाळू तुडवत धावलो. तो बाण ऐनाच्या एका जुन्या झाडाखाली धडधाकट पडला होता. एक चीरसुद्धा नाही. मी पुढे झालो, तर मास्तरांनी माझा दंड धरला. ती देवाची झाडी होती.

वस्तीचे गायता, म्हणजे तिथले पुजारी, चैतू मडावी येईपर्यंत आम्ही झाडीबाहेर उभे राहिलो. मास्तरांनी हात जोडून सगळे सांगितले, साहेबांची अटही सांगितली. चैतूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतले.

“देवाच्या जाग्यात पडलं ते देवाचं होते, मास्तर,” ते म्हणाले. “आमचा सोताचा तीर पडला तरी आमी आनत नाई.”

मास्तरांनी मान डोलावली आणि परत फिरले. मी त्यांच्या मागे धावत बोललो, फार बोललो. गायता रागावलेले नव्हते, हात उगारलेला नव्हता, आणखी विनवणी केली असती तर कदाचित मनही वळले असते. साहेब पलीकडे घड्याळ पाहत होते. मास्तर वाळूत थांबले. त्यांचे डोळे भरले होते.

“माणसं दुसऱ्या ग्रहावर उतरवाची गोष्ट करून राह्यलो मी,” ते म्हणाले. “इथी नदीपल्याड उतरलो त जागेवाल्याचं आयकत नाई, मंग तिथी काऊन आयकीन?”

साहेबांना त्यांनी एवढेच सांगितले की बाण नीट उतरला आहे, पण तो आता उडणार नाही. काम बंद झाले. मला तेव्हा मास्तरांचा भयंकर राग आला होता. आजही कधी कधी थोडा येतो.

पुढची वर्षे त्यांनी नुसत्या खडू-फळ्यावर काढली. एकदाही कुरकूर केली नाही, गायतांना बोल लावला नाही, आणि नदीपलीकडची मुले शाळेत यावीत म्हणून त्या वस्तीवर जाणेही सोडले नाही. रशियाचा उपग्रह आकाशात फिरू लागल्याची बातमी आली तेव्हा गावातले लोक जणू मास्तरांच्याच घरी बारसे असल्यासारखे अभिनंदनाला आले. मास्तर खूश होते, पण त्यांनी पहिली चौकशी केली ती उपग्रहाला वर नेणाऱ्या बाणाची. तो वापस आला काय, असे त्यांनी आलेल्या प्रत्येकाला विचारले. कुणाला सांगता आले नाही.

मास्तर निवृत्त झाले आणि शाळेची बंदी त्यांच्यापुरती संपली. पण साहित्य नाही, उमेदही थोडी कमी झालेली. यंदा धान निघाल्यावर चैतूभाऊ त्यांच्या दारी आले. एक तुमचा बाण देवाजवळ आहे, दुसरा आमच्या धानाच्या बांधीतून सोडा, असे सांगायला ते आले होते. बांबूही त्यांनीच आणला होता.

मी गेलो होतो. धान कापलेल्या, अजून ओल्या बांधीत सगळी वस्ती जमली होती. बाण गेला, छत्री उघडली, आणि बाण दोन बांध्या सोडून उतरला. चैतूभाऊंनीच तो उचलला आणि दोन्ही हातांनी आणून मास्तरांना दिला. नळा गरम होता, मास्तरांनी तो तसाच छातीशी धरला. निवेपर्यंत कुणी घरी गेले नाही. मग त्यांनी बोळके बदलले, दारू भरली, छत्रीची घडी घातली. घडी मी धरून दिली. आणि तोच बाण पुन्हा वर गेला. साहेब नव्हते, अट नव्हती, कुणाच्या परवानगीचा कागद नव्हता. मास्तर बांधावर बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते, आणि चैतूभाऊ त्यांच्याशेजारी बसून वर पाहत होते.

मास्तरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. गुडघे कुरकुरू लागले आहेत, तेवढे त्यांनी सांभाळावेत, आणि माझी पेज नाकारू नये. मोठा बाण कुणीतरी, कधीतरी बांधीलच. त्यातून माणसे परक्या जमिनीवर उतरू लागतील तेव्हा बाणाच्या दारात उभे राहून, ‘थांबा, आधी इचारा,’ असे सांगायला निखाडे मास्तर हवे आहेत.