खिशातली चावी

रेडिओ केंद्राच्या मनोऱ्यावर चढून अँटेना दुरुस्त करणाऱ्या त्या तिरसट म्हाताऱ्याला सगळे खारकाका म्हणत. अठ्ठावीस वर्षांत त्याने एक नेम मोडला नव्हता. चालू अँटेनाजवळ माणूस भाजून निघतो, म्हणून आधी प्रक्षेपण यंत्र बंद करायचं, त्याची चावी सदऱ्याच्या खिशात घालायची आणि मगच वर चढायचं. शिवाय कमरेला एक वीतभर ट्यूबलाइट बांधलेली असे. अँटेनातून जोरात लहरी सुटल्या, की त्या ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांना हुसकावतात आणि ती वायरीशिवाय पेटते.

त्या ढगाळ दुपारी, केंद्रावर नुकताच लागलेला त्याचा जावई म्हणाला, "मामा, हे नवं यंत्र शहरातल्या ऑफिसातूनसुद्धा चालू होतं. चावीवर विसंबू नका. मी त्यांना फोन करतो, मग चढा."

"जावईबापू, मला अक्कल शिकवू नका! चावी माझ्या खिशात असताना कोण माईचा लाल चालू करतो, तेच बघतो."

तो तरातरा चढला. अँटेना हातभर अंतरावर आली, तेव्हा खालून जावई दोन्ही हात हलवत ओरडू लागला. वाऱ्यात शब्द काही कळेनात. म्हाताऱ्याने खिसा चाचपला. चावी जागच्या जागी होती.

कमरेची ट्यूब पेटली होती.